केसपेपर काढा, मग औषध

परीक्षेच्या तोंडावर ताप आला की उरणचा विद्यार्थी आधी मेडिकल स्टोअर गाठतो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेतो, दोन गोळ्यांनी बरं वाटलं की उरलेल्या दप्तरात! ही सवय वाईटच.

त्यापेक्षा सरकारी रुग्णालयात जा. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयातल्या मुलांना जवळचं म्हणजे उरणचं इंदिरा गांधी ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जा, सोबत आधार कार्ड असू द्या. खिडकीवर केसपेपर मिळतो. आधीची औषधं, कशाची ॲलर्जी असेल तर तीही डॉक्टरांना आपणहून सांगा. आजारपणाचा दाखला हवा असेल तर तपासणीच्या दिवशीच मागा. आठवड्यानं मागची तारीख टाकून मागू नका, डॉक्टर तो देणार नाहीत आणि त्यांनी देऊही नये.

झोप उडाली, अभ्यासाचं दडपण आलं, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. समुपदेशक मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८.