हिवाळा : विसाव्याचा आणि व्यासंगाचा ऋतू



शेतीच्या कामाला जशी हंगामाची शिस्त असते, तशी ती विसाव्यालाही असते. पेरणी, खुरपणी, कापणी यांची वेळापत्रके सर्वत्र आखली जातात. परंतु शेतकऱ्याच्या विसाव्याचा काळ कोणता, आणि त्या काळात त्याच्या हातांना व मनाला काय मिळावे, हा प्रश्न विकासाच्या चर्चेत क्वचितच निघतो. शेतात काम नाही तो काळ वाया गेला, असा हिशेब मांडण्याची सवय सर्वांनाच जडली आहे. हा हिशेब किती अपुरा आहे, हे उत्तर युरोपातील डेन्मार्क या लहानशा देशाच्या हिवाळ्याकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

सात तासांचा दिवस

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन विषुववृत्तापासून सुमारे ५६ अंश उत्तरेला आहे. तेथे जूनमध्ये दिवस सतरा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरमध्ये जेमतेम सात तासांचा. सकाळी साडेआठनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आतच मावळतो. ओल, वारा आणि गारठा यांमुळे जमिनीत पिकांची वाढ थांबते. गुरे शरद ऋतूत गोठ्यात बांधली जातात, ती वसंताचे गवत वर येईपर्यंत बाहेर पडत नाहीत.

एकोणिसाव्या शतकातील डॅनिश शेतकऱ्याला या काळात अगदीच काम नसे असे नाही. काठीने झोडपून धान्याची मळणी करणे, गुरांना चारा घालणे आणि अवजारे दुरुस्त करणे ही कामे चालत. तथापि ती छपराखालची कामे होती. निसर्गानेच शेताचे दार लावून घेतल्यामुळे माणसे घरात येत, आणि घरात आली की एकमेकांच्या जवळ येत.

एका दिव्याभोवती

जटलंड या द्वीपकल्पाच्या मध्यभागी जमीन रेताड आणि नापीक होती. केवळ धान्यावर पोट भरणे अवघड, म्हणून तेथे लोकरी मोजे विणण्याचा घरगुती उद्योग वाढला. हिवाळ्याच्या संध्याकाळी शेजारपाजारची माणसे एकेका घरी जमत. दिव्याचे तेल महाग. तेव्हा दहा घरांत दहा दिवे लावण्यापेक्षा एका घरी एकच दिवा लावणे सर्वांना परवडे. त्या दिव्याभोवती पुरुष, स्त्रिया आणि मुले, सर्वांच्या हातांत विणकामाच्या सुया असत. हात सुयांत गुंतलेले असले तरी कान आणि जीभ मोकळीच! त्यामुळे कहाण्या रंगत, गाणी होत, गावच्या बातम्यांवर खल होई. स्टीन स्टीनसेन ब्लिखर या लेखकाने १८४२ साली जटलंडच्या बोलीत एक कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'विणकामाची खोली' अशाच अर्थाचे आहे. हिवाळ्यातील या बैठकीने डॅनिश साहित्याला दिलेली ती देणगी होय. त्याच भागातील हेर्निंग हे गाव पुढे देशाच्या वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र बनले. त्याची मुळे या दिव्याखालच्या सुयांतच शोधावी लागतात.

पुढे १८७० नंतरच्या दशकात क्लाउसन-कास नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने या घरगुती कारागिरीचा चळवळीसारखा प्रचार केला. टोपल्या, कुंचे, लाकडी भांडी, लहानसहान सुतारकाम अशा वस्तू शेतकऱ्याने हिवाळ्यात स्वतः कराव्यात, असे तो गावोगाव सांगत फिरे. १८७३ साली या कार्यासाठी एक संस्थाही स्थापन झाली. चार पैसे वाचावेत हा हेतू होताच; पण स्वतःच्या हाताने एखादी वस्तू पूर्ण केल्याचे समाधान माणसाला उभारी देते, हाही विचार त्यामागे होता.

चाक न फिरवण्याचे दिवस

असे असले तरी प्रत्येक घटका कामाला जुंपावी, असा त्या समाजाचा आग्रह नव्हता. नाताळच्या पर्वात चरखा चालवू नये, किंबहुना गोल फिरणारी कोणतीच वस्तू फिरवू नये, असा जुना लोकसंकेत होता. नाताळच्या रात्री गोठ्यातील गुरांना नेहमीपेक्षा अधिक चारा घालण्याची प्रथाही होती. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू न ठेवणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या संकेताचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. विसावा हा आळस नसून कष्टाइतकाच मानाचा आहे, हे दोन्ही समाजांनी ओळखले होते.

हिवाळी शाळा

या ऋतूचा सर्वांत दूरगामी उपयोग केला तो शिक्षणाने. धर्मोपदेशक, कवी आणि इतिहासाचे अभ्यासक एन. एफ. एस. ग्रुंटविग (१७८३-१८७२) यांनी सामान्य शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी लोकविद्यालयाची कल्पना मांडली. परीक्षांच्या ओझ्याखाली दबलेले पुस्तकी शिक्षण त्यांना निर्जीव वाटे. मातृभाषा, देशाचा इतिहास, गाणी आणि परस्परसंवाद यांतून माणूस जागा व्हावा, हे त्यांचे ध्येय होते. १८४४ साली रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले.

या कल्पनेला खरे ग्रामीण रूप दिले ते क्रिस्टेन कोल्ड या चांभाराच्या मुलाने. त्याने १८५१ च्या नोव्हेंबरात फ्यून बेटावरील रिस्लिंगे येथे अगदी थोड्या विद्यार्थ्यांनिशी शाळा उघडली. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच छपराखाली राहत, एकत्र जेवत आणि माळ्यावर शेजारी शेजारी झोपत. अशा शाळांचे वर्ग साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे शेत जेव्हा तरुणांना सोडू शकते नेमक्या त्याच काळात भरत. विद्यार्थी बहुधा अठरा वर्षांवरील असत. इतिहास, भाषा, हिशेब, जमिनीची मोजणी, व्यायाम असे विषय असत आणि व्याख्यानांना समूहगीताची जोड असे. शेवटी परीक्षा नसे आणि प्रमाणपत्रही नसे. वसंत आला की मुलगा पुन्हा नांगराकडे जाई.

कोल्डविषयी एक गोष्ट सांगितली जाते. एका विद्यार्थ्याने त्याच्याकडे कबुली दिली की, व्याख्याने ऐकताना फार आवडतात, पण पुढे काही आठवत नाही. कोल्डने त्याला समजावले की, शेतात पाण्याचे नळ पुरले तर ते पुन्हा सापडण्यासाठी खुणेची खुंटी ठोकावी लागते. धान्य पेरले तर खुंटीची गरज नसते, ते आपले आपण वर येते. शिक्षकांनी मनाशी जपून ठेवावी अशीच ही गोष्ट आहे.

पराभवानंतरचे पीक

१८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याकडून डेन्मार्कचा पराभव झाला आणि राज्याचा फार मोठा प्रदेश गेला. रोडिंगही त्यातच गेले. तेव्हा तेथील लोकविद्यालयाचे कार्य पुढे चालविण्यासाठी १८६५ साली नव्या सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव्ह येथे नवे विद्यालय उघडण्यात आले. त्यानंतर अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात लोटले आणि डॅनिश धान्याचे भाव कोसळले. डॅनिश शेतकरी धान्याऐवजी दूध, लोणी आणि डुकरांचे मांस यांकडे वळला. १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा सुरू झाली. शतक संपेपर्यंत अशा दुग्धशाळांची संख्या हजाराच्या घरात गेली. त्यांचा एक नियम प्रसिद्ध आहे : मते माणसांची मोजायची, गुरांची नव्हे. शंभर गाईंच्या मालकाला एक मत आणि दोन गाईंच्या मालकालाही एकच.

या यशाचे सर्व श्रेय हिवाळी शाळांना देणे अतिशयोक्तीचे होईल. साय वेगळी काढणारे नवे यंत्र, इंग्लंडची बाजारपेठ आणि बड्या शेतमालकांनी आधीच केलेले प्रयोग यांचाही त्यात मोठा वाटा होता. परंतु एकमेकांच्या कर्जाला जामीन राहण्यासाठी परस्परांवर विश्वास लागतो, सभेत बोलण्यासाठी धीटपणा लागतो आणि हिशेब तपासण्यासाठी समज लागते. हे गुण अंगी आणण्याचे काम या शाळांनी केले. त्याच सुमारास गावोगाव लोकांनी वर्गणी आणि श्रम देऊन सभागृहे बांधली. हिवाळ्यात तेथे व्याख्याने, कसरती, नाच आणि सभा होत.

विसावा कोणाला?

या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लोकविद्यालयात प्रथम आले ते मुख्यतः स्वतःची जमीन असलेल्या शेतकऱ्यांचे मुलगे. भूमिहीन मजुराला हिवाळा म्हणजे विसावा नव्हता. मजुरी बंद होण्याचे ते दिवस होते. स्त्रियांसाठी कोल्डने १८६३ साली वेगळा वर्ग काढला, तो उन्हाळ्यात. घरातील चूल आणि सूतकताई हिवाळ्यातही थांबत नव्हती. पोटाची निश्चिती नसेल तर विसावा हा शब्दच क्रूर ठरतो. पुढे शासनाने गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य सुरू केले, तेव्हा ही दारे हळूहळू इतरांनाही उघडली.

आपला ऋतू कोणता?

महाराष्ट्रातील हिवाळा डेन्मार्कसारखा नाही. येथे त्या दिवसांत रब्बीची पिके उभी असतात आणि साखर कारखान्यांचे गाळप चालू असते. ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांना तर हिवाळा हाच सर्वांत कष्टाचा काळ. त्यामुळे डॅनिश वेळापत्रकाची नक्कल येथे उपयोगाची नाही. घ्यायचा आहे तो त्यामागील विचार.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. पावसाळ्यात प्रवास थांबत, तेव्हा चातुर्मासात देवळात पोथी लागे आणि दिवसभर राबलेली माणसे रात्री ऐकायला बसत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत प्रौढ स्त्रीपुरुष दिवसाची कामे उरकून अक्षरे गिरवू लागले. शेजारच्या गुजरातेत सणोसरा येथे नानाभाई भट्ट यांनी १९५३ साली लोकभारती ही संस्था उभी केली. तिच्यामागे डॅनिश लोकविद्यालयांची प्रेरणा होती. रोजगार हमीला महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले, तेव्हा कामाविना जाणाऱ्या दिवसांत मजुराच्या पोटाची काळजी घेण्याचे तत्त्वही या राज्याने मान्य केले. विसाव्याचा पाया तोच आहे.

प्रत्येक गावाच्या वर्षात काही आठवडे असे असतात की शेत माणसाला थोडे मोकळे करते. कोकणात ते एका वेळी येतात, मराठवाड्यात दुसऱ्या वेळी आणि विदर्भात तिसऱ्या वेळी. ते कोणते, हे ग्रामपंचायत आणि शाळेतील शिक्षक यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? ते आठवडे ओळखावेत. समाजमंदिराची किल्ली त्या दिवसांत सहज हाती लागावी, वाचनालयाचे दार संध्याकाळी उघडे असावे. गावातील जुन्या सुताराने, बुरुडाने वा गोधडी शिवणाऱ्या आजीने आपली कला चार मुलांना दाखवावी. ऊसतोडणीहून परतणाऱ्यांसाठी वेगळे दिवस राखून ठेवावेत, आणि बायकांना बसायला वेळ मिळावा म्हणून घरातील पुरुषांनी कामाचा थोडा भार उचलावा. काही संध्याकाळी तर कोणताही कार्यक्रम नसावा. माणसांनी नुसते एकत्र बसावे.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. जटलंडच्या गरीब शेतकऱ्यांनी प्रारंभ केला, तेव्हा त्यांच्यापाशी दहा घरांत मिळून एकच दिवा होता.