'अँड', 'बट', 'ऑर': जोडण्याचे व्याकरण

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

संमेलनाध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलावे, असा रिवाज आहे. मी मात्र 'अँड', 'बट', 'ऑर' यांच्यावर बोलणार आहे. अभ्यासक्रम मागे पडला की आपण जो घटक घाईघाईने उरकतो, तोच हा.

आपण तो शिकवतो कसा? फळ्यावर 'फॅनबॉइज' लिहितो: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. अमेरिकी शाळांतून आलेली ही आद्याक्षरांची युक्ती चटकन पाठ होते. पण तिने सातही शब्दांना एकाच रांगेत, एकाच उंचीचे करून उभे केले आहे. 'अँड' आणि 'ऑर' नामे, विशेषणे, क्रियापदे, अख्खी वाक्ये, काहीही जोडतात. 'फॉर' फक्त वाक्ये जोडतो, तोही पुस्तकात. बोलताना 'कारण' या अर्थाने तो आता सहसा कोणी वापरत नाही. 'नॉर'ने दुसरे वाक्य सुरू झाले की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985च्या जाडजूड व्याकरणातही पक्के स्थान आहे ते 'अँड', 'ऑर' आणि 'बट' या तिघांना. बाकीची मंडळी उंबरठ्यावर आहेत.

गंमत अशी, की याहून चांगली मांडणी आपल्याच शाळेत, शेजारच्या वर्गात चालू असते. मराठीच्या बाई प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यये शिकवताना चार प्रकार सांगतात: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातही तेच चार आहेत. मुलांना हे येत असते. आपण विचारत नाही, एवढेच. आणि खरे सांगायचे तर 'न्यूनत्वबोधक' ही संज्ञा मला इंग्रजीतल्या 'अ‍ॅडव्हर्सेटिव्ह'पेक्षा उजवी वाटते. पहिल्या विधानाने जी अपेक्षा निर्माण केली, तिच्यात दुसरे विधान उणेपणा आणते, हे ती संज्ञाच सांगून टाकते.

आता आपल्या स्वाध्यायांतले एक जुने वाक्य घ्या: 'ही इज पुअर बट ऑनेस्ट.' पिढ्यान् पिढ्या मुलांनी रिकाम्या जागेत 'बट' भरले आणि गुण घेतले. पण तो 'बट' काय म्हणतो? गरीब माणसाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा नसते, असे म्हणतो. तिथे 'अँड' घातला तर व्याकरण जराही बिघडत नाही, फक्त आरोप मागे घेतला जातो. उभयान्वयी अव्यय निवडणे म्हणजे दोन गोष्टींच्या नात्याबद्दल मत देणे. ते मत मुलाने द्यायचे की उत्तरसूचीने?

मराठीचा आधार घ्यायचा, तर ती कुठे अडवते हेही सांगायला हवे. आपल्याकडे 'जरी'ला 'तरी' लागतोच. म्हणून मूल लिहिते, 'दो ही वॉज इल, बट ही केम.' आपण लाल रेघ मारतो. त्याला एवढेच सांगा, की इंग्रजीला या जोडीतला एकच चालतो. 'दो' ठेव किंवा 'बट' ठेव. दुसरीकडे, मराठी जिथे स्पष्ट आहे तिथे इंग्रजी मोघम आहे. 'चहा घेणार की कॉफी?' आणि 'चहा किंवा कॉफी घेणार?' हे आपले दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला 'हो' म्हणणारा पाहुणा हसे करून घेईल. इंग्रजीत दोन्हीकडे 'ऑर'च, फरक फक्त आवाजाच्या चढउतारात. छापील पानावरून तो शिकवता येत नाही, म्हणून वर्गात तोंडाने विचारा.

आणि हे फक्त परीक्षेपुरते आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या मेन राज्यातला एक खटला. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती: खाद्यपदार्थ डबाबंद करणे, त्यांवर प्रक्रिया करणे, साठवणे वगैरे, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक म्हणाले, आम्ही माल पोचवतो, पॅकिंग करत नाही. हा 'ऑर' केवळ शिपमेंट आणि डिस्ट्रिब्यूशन यांना जोडतो. डेअरी म्हणाली, छे, तो संपूर्ण यादीचा शेवटचा 'ऑर' आहे. नाहीतर यादीला शेवटचा जोड उरतच नाही. चालकांचे उत्तर ऐकण्यासारखे होते. यादीतली कामे सगळी 'इंग'ने संपणारी आहेत, मग 'डिस्ट्रिब्यूशन' हे एकटेच नाम त्या पंगतीला कसे बसेल? ते 'शिपमेंट'च्याच शेजारचे. सारख्याला सारखे जोडावे, हा आपल्या नववीच्या वर्गातला नियम! 2017 साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. जगभर ही स्वल्पविरामाची गोष्ट म्हणून गाजली. माझ्या मते ती 'ऑर'ची गोष्ट आहे. स्वल्पविराम असता तर तो 'ऑर' कुणाचा, एवढेच कळले असते. नंतर विधिमंडळाने दुरुस्ती केली तेव्हा अर्धविराम तर घातलेच, शिवाय 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' केले.

जाता जाता एक अंधश्रद्धा. 'अँड'ने किंवा 'बट'ने वाक्य सुरू करू नये, असे आपण मुलांना बजावतो. 1611च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्याच अध्यायात 31 वचने आहेत. त्यांतली 29 'अँड'ने सुरू होतात आणि एक 'सो'ने. सारखे-सारखे वापरू नकोस, हे सांगणे ठीक. बंदी कशासाठी?

माझी विनंती छोटी आहे आणि तिला कुणाची मंजुरी लागत नाही. पुढच्या घटक चाचणीत 'बट वापरून वाक्ये जोडा' असा प्रश्न काढू नका. दोन वाक्ये द्या, शब्द मुलांना निवडू द्या आणि तो का निवडला हे एका ओळीत, हवे तर मराठीत, लिहायला सांगा. एकाने 'अँड' लिहिले, दुसऱ्याने 'बट' लिहिले आणि दोघांचीही कारणे पटली, तर दोघांनाही पूर्ण गुण द्या.