आजोबा आले, कुत्राही आला

बोरिवली किंवा मुलुंडच्या लोकलमध्ये शेजारी कुणी हिरागाना घोकत बसलं असेल, तर डिसेंबरची जपानीची परीक्षा जवळ आली समजा. जपानीतला विनम्र भूतकाळ मराठी माणसाला आधी फारच सोपा वाटतो. 'ताबेमास' म्हणजे खातो. 'मास' काढून 'माश्ता' लावा, झालं 'ताबेमाश्ता', खाल्लं. 'किमास' म्हणजे येतो, त्याचं 'किमाश्ता'. नकार हवा तर 'किमासेन देश्ता'. आला, आली, आले ही भानगडच नाही. (आपण मात्र पोळी खाल्ली आणि भात खाल्ला!)

अडतं ते आदरापाशी. मराठीत 'आजोबा आले', पण 'कुत्रा आला'. ज्याच्याविषयी बोलतो, त्याचा मान. 'माश्ता'चा मान ऐकणाऱ्याचा. साहेबांशी बोलताना कुत्रासुद्धा 'किमाश्ता', आणि घरात धाकट्या भावाला सांगताना आजोबाही नुसते 'किता'. आजोबांना मान द्यायचाच, तर त्यासाठी वेगळं क्रियापद आहे.

म्हणून आपला मुलगा जपानी साहेबांना स्वतःविषयी 'किता' असं सहज सांगून जाईल. मराठीच्या हिशेबानं त्याचं काय चुकलं? स्वतःला कोण अहोजाहो करतं? साहेबांना मात्र तो उद्धट वाटेल.