मंगळावरील पाणी : एका शोधाची उजळणी

मंगळावर पाणी सापडल्याची बातमी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आली आहे की, नेमके काय सापडले हे विचारायचेच राहून जाते. बर्फ तेथे आहे, याविषयी वाद नाही. 2008 मध्ये फिनिक्स यानाने उत्तर ध्रुवाच्या बाजूची माती उकरली, तेव्हा पांढरे खडे उघडे पडले आणि चार दिवसांत दिसेनासे झाले. ते वितळले नाहीत. थेट हवेत विरले. प्रश्न आहे तो द्रवरूप पाण्याचा.

अडचण थंडीची आहे, तशी दाबाचीही. उंच डोंगरावर कुकरवाचून डाळ शिजत नाही, कारण दाब घटला की पाणी कमी तापमानालाच उकळते. मंगळावर हा दाब सरासरी 6 मिलिबार, म्हणजे पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. तेथे शुद्ध पाणी झालेच, तर ते गोठण्याच्या आणि उकळण्याच्या सीमेवरच असते. क्षार मात्र ही परिस्थिती काहीशी पालटतात. फिनिक्सलाच मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आढळले. त्यांपैकी काहींचे द्रावण उणे 70 अंशांच्या सुमारासही गोठत नाही.

म्हणूनच तेथील उतारांवरच्या काळसर रेघांनी आशा पल्लवित केल्या. उन्हाळ्यात त्या लांबतात, थंडीत पुसट होतात. त्या प्रथम हेरल्या नेपाळमध्ये जन्मलेल्या लुजेंद्र ओझा यांनी. तेव्हा ते ॲरिझोना विद्यापीठात पदवीचे विद्यार्थी होते. 2015 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी या रेघांपाशी जलयुक्त क्षारांच्या खुणा मिळाल्याचे जाहीर केले आणि जगभर गाजावाजा झाला. दोनच वर्षांनी उतार मोजले गेले. रेघा जवळजवळ सर्वत्र 27 अंशांहून तीव्र उतारावरच होत्या आणि उतार सौम्य होताच थांबत होत्या. पाणी त्यापुढेही वाहिले असते. थांबते ती कोरडी वाळू. या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांत आल्फ्रेड मॅकइवेन यांचे नाव आहे, आणि पहिल्याही निबंधात ते होतेच. गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेणे ही गोष्ट त्या रेघांहून अधिक दुर्मीळ म्हणावी लागेल.

शोध त्यामुळे थांबला नाही. तो खाली सरकला. 2018 मध्ये मार्स एक्सप्रेसच्या रडारला दक्षिण ध्रुवीय बर्फाखाली दीड किलोमीटरवर प्रखर प्रतिध्वनी मिळाले. ते चिकणमातीचेही असू शकतील, असा आक्षेप पुढे आला. 2024 मध्ये इनसाइट यानाने टिपलेल्या भूकंपलहरींवरून, 11.5 ते 20 किलोमीटर खोल खडकांच्या भेगांत पाणी असावे, असा अंदाज मांडला गेला. पृथ्वीवर माणसाने घेतलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथले, 12 किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले आहे.