आधीं तुळई, मग भिंत



बुधवार पेठेंत जुन्या वाड्याची दुरुस्ती ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. माडीवर बिऱ्हाड नांदत असतां खालची भिंत बदलावयाची, तर जाणता गवंडी प्रथम भिंतीला हात लावीत नाहीं. माडी ज्या तुळईवर उभी आहे, तिची व्यवस्था तो आधीं पाहतो. काम तेंच आणि खर्चही तोच; पण क्रम चुकला कीं माडी खालीं आलीच. संगणकाची कार्यप्रणाली बदलतांनाही हाच नियम लागू पडतो, हें आज मला सांगावयाचें आहे.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकांचीं दुकानें आहेत, तशींच अक्षरजुळणीचीं लहान कार्यालयेंही आहेत. देवनागरीला युनिकोडमध्यें १९९१ सालींच स्थान मिळालें. तथापि त्यानंतरही कित्येक वर्षें मराठी पुस्तकें पेजमेकरमध्यें, ज्या त्या कंपनीच्या निराळ्या संकेतांच्या फाँटांत जुळविलीं गेलीं. तीं पुन्हां उघडावयाचीं, तर पुष्कळदां विंडोज एक्सपीच लागते. आणि तिचा सांभाळ तर ८ एप्रिल २०१४ रोजींच थांबला. म्हणून लोक एक युक्ति करतात. नव्या संगणकाच्या पोटांत ते व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एक आभासी संगणक, मांडतात व तेथें एक्सपीला बिऱ्हाड करून देतात. खालचा मजला नव्या विंडोजचा, माडीवर बिऱ्हाडकरू एक्सपी, आणि दोहोंमधली तुळई म्हणजे व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम.

माझ्या एका विद्यार्थ्याचें असें कार्यालय आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा सांभाळ संपला, तेव्हां त्यानें एका संध्याकाळीं सरळ विंडोज ११ चढविली. सकाळीं एक्सपी उघडेना. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ति फार जुनी होती; शिवाय आंतला संगणक रीतसर बंद न करतां नुसता निजवून ठेवलेला. त्यांत एका दिवंगत शिक्षिकेचें पुस्तक दुसऱ्या आवृत्तीसाठीं काढलेलें होतें. त्यांच्या मुलीजवळ छापील प्रत एकच, आणि संगणकांतली प्रतही एकच! विंडोज ११ चढविल्यापासून साधारणतः दहा दिवसांच्या आंत मागें फिरतां येतें, म्हणून निभावलें.

मग आम्ही दोघांनीं बसून क्रम लाविला. पहिली पायरी, आंतला संगणक पूर्ण बंद करून त्याच्या सगळ्या फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेणें. स्नॅपशॉट घेतला म्हणजे नक्कल झाली असें नव्हे. तो त्याच डिस्कवर राहतो व तिच्याबरोबरच जातो. दुसरी पायरी, जुनी विंडोज तशीच ठेवून व्हर्च्युअलबॉक्स नवा करणें, आणि एक्सपी सुरू होते कीं नाहीं, पान उघडतें कीं नाहीं, फाँटाचा डोंगल ओळखला जातो कीं नाहीं, हें पाहणें. तिसरी पायरी विंडोजची. आंतल्या प्रणालीची पाळी सर्वांत शेवटीं. एक्सपीला तर तसेंच राहूं द्यावें, मात्र तिचा इंटरनेटशीं संबंध तोडावा.

मधल्याला अग्रमान कां? नवी तुळई घडविणाऱ्यानें जुनी आणि नवी अशा दोन्ही भिंती पाहिलेल्या असतात. व्हर्च्युअलबॉक्स ७.० ही आवृत्ति २०२२ सालीं निघाली; ती विंडोज १० वर चालते व ११ वरही. जुन्या तुळईला मात्र पुढें उभी राहणारी भिंत ठाऊक असणें शक्य नाहीं. मोठ्या कार्यालयांतही हेंच सूत्र आहे. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्यें प्रथम व्हीसेंटर हा कारभारी बदलतात, मग ईएसएक्सआय चालविणारे सर्व्हर एकेक करून, आणि त्यानंतर आंतल्या यंत्रांतील टूल्स. कारण नवा कारभारी जुन्या सर्व्हरांना सांभाळून घेतो, जुन्याला नवे सर्व्हर पेलत नाहींत.

कधीं एकच तुळई दोन्ही भिंतींना पुरत नाहीं. मॅकवरील फ्यूजन १२ ही २०२० सालची आवृत्ति कॅटलिना व बिग सर यांवर चाले, मोहावेवर नाहीं. अशा वेळीं मोहावेहून आधीं कॅटलिना, तेथें फ्यूजन १२, आणि मग बिग सर, असा मधला मुक्काम करावा लागतो. म्हणून कोणती आवृत्ति कशावर चालते, तें काम काढण्यापूर्वींच कागदावर लिहून काढावें.

शेवटची सूचना शाळामास्तरी आहे. प्रत्येक पायरीनंतर थांबून ताळा पाहावा. एकाच रात्रींत दोन गोष्टी बदलल्या आणि बिघाड झाला, तर चूक कोणाची तें शोधतां येत नाहीं.

आमचें एक्सपी उघडलें. त्या संध्याकाळीं पहिलें काम झालें तें हें, कीं त्या शिक्षिकेच्या पुस्तकाची दुसरी नक्कल त्यांच्या मुलीच्या हातीं दिली.