कुलूप आहे, पण दुकान कोणाचं?

आज ब्राउझरमधल्या त्या छोट्या कुलपाबद्दल बोलूया. "साईट एचटीटीपीएस आहे ना, मग बिनधास्त पैसे भर," हा सल्ला अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्या मते तो आता धोक्याचाच आहे.

एसएसएल सर्टिफिकेट (खरं तर आता टीएलएस, पण जुनं नाव काही सुटत नाही) दोनच कामं करतं. तुमचा फोन आणि साईट यांच्यातला मजकूर सांकेतिक होतो, म्हणजे स्टँडवरच्या फुकट वायफायवर टपून बसलेल्याला तुमचा कार्ड नंबर वाचता येत नाही. आणि पत्त्यात जे नाव दिसतंय त्याच साईटशी तुम्ही बोलताय, एवढी खात्री मिळते. दुकानदार सज्जन आहे का, साडी घरी येईल का, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

2015 पासून लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था सर्टिफिकेट फुकट देते. डोमेन तुमच्या ताब्यात आहे हे दाखवलं की काही मिनिटांत काम होतं, माणूस तपासायला येतच नाही. छोट्या दुकानांचं भलं झालं. भामट्यांचंही झालं! माझ्या मामेबहिणीने दिवाळीत 1,899 रुपयांची पैठणी मागवली. साईटच्या नावात एक अक्षर जास्त होतं, बाकी सगळं हुबेहूब. कुलूप होतं, सर्टिफिकेटही अस्सल. पैसे अगदी सुरक्षितपणे, सांकेतिक होऊन, चोराकडे पोचले.

लोकांचा हाच गैरसमज बघून गूगलने सप्टेंबर 2023 मध्ये क्रोममधलं कुलूपच काढून टाकलं. मला विचाराल तर उशीरच केला.

मग बघायचं काय? पत्ता. नावानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपासून मागे वाचत या. आधी डॉट कॉम, डॉट इन, जे असेल ते. त्याच्या लगेच डावीकडचा शब्द म्हणजे खरं दुकान. ब्रँडचं नाव त्याच्याही डावीकडे असेल, तर ते नुसतं तोरण आहे, कोणीही लावू शकतं.

तुमच्यापैकी कोणी स्वतःचं ऑनलाइन दुकान चालवत असेल, तर नूतनीकरण आपोआप होईल असं आत्ताच करून घ्या. सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत 2029 मध्ये 47 दिवसांवर येणार आहे. मुदत संपली की गिऱ्हाईकाला आधी ब्राउझरचा इशाराच दिसतो, तुमचा माल नाही.

आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर पोचेल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.