जिप्सीची सोयरीक

आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी जुन्या गाडीबद्दल बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात गाडीचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जी जुनी गाडी आली, तिच्यात आमच्या गटाचं कर्ज आहे, धानाचे पैसे आहेत आणि धाकटीच्या पाटल्याही काही महिने त्यापायी बँकेत गहाण होत्या. ज्याचे पैसे, त्याने बोलावं. म्हणून आम्ही बोलतो.

आमचे धाकटे दीर नागझिऱ्याच्या गेटवर दुसऱ्याची जिप्सी चालवायचे. सकाळच्या फेरीला अंधारात घर सोडायचं, थंडीत कुडकुडत पर्यटकांना वाघ दाखवायचा आणि हातात रोजी तेवढी. स्वतःची गाडी असावी, ही त्यांची जुनी इच्छा. पण मनात बसलेली गाडी वेगळीच होती. लहानपणी कुठल्याशा मासिकात त्यांनी लाल रंगाची, दोन सीटांची, कापडी छत मागे सरकणारी गाडी पाहिली होती. सॅन स्टॉर्म तिचं नाव. आपल्या शेजारच्या गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने ती काढली. थोड्याच बनल्या. तर एक दिवस भाऊजी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. "वहिनी, पाहा ना जी, स्टॉर्म विकाले आहे."

फोटो खरंच देखणा होता. आम्ही दोघीही दोन मिनिटं पाहत राहिलो, खोटं कशाला बोला! किंमतही ऐकून घाम फुटावा अशी नव्हती. भाऊजींचं म्हणणं, आधी हौसेची घेऊ, लग्नाकार्यात नवरदेवासाठी भाड्याने देऊ, मग पुढे जिप्सी. तेव्हा चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पोरगी पाहाले गेलो तं मामेकूळ पुसतो. ह्या गाडीचे सोयरे कुठं आहेत, ते तं पुसा आधी."

त्या सहज बोलून गेल्या, पण जुनी गाडी घेताना याहून शहाणा प्रश्न आम्हाला पुढे कुणी विचारलेला नाही. आम्ही तो ओळखीच्या मिस्तरींना विचारला. त्यांनी सांगितलं ते असं. स्टॉर्मचं अंग लोखंडी पत्र्याचं नाही, फायबरचं आहे. फुटलं तर फायबरचं काम करणारा कारागीर ते जोडू शकेल, त्याची काळजी नको. पण इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचं, ११४९ सीसीचं. स्टॉर्म निघाली तेव्हा रेनोच्या गाड्या आपल्याकडे विकल्याच जात नव्हत्या. नंतर लोगान आली, डस्टर आली, क्विड आली, पण त्यांची इंजिनं वेगळी. म्हणजे आडनाव एक आणि नातं काही नाही. एखादा पार्ट गेला तर परदेशातून मागवायचा, महिना दीड महिना वाट पाहायची आणि आला तो बसला नाही तर पुन्हा तेच. ज्याच्याकडे तीन गाड्या आहेत त्याने अशी चौथी हौसेने ठेवावी. आमच्याकडे पहिलीच यायची होती.

भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. आम्हालाही वाईट वाटलं. हौस ही काही वाईट गोष्ट नाही हो. बायकांच्या हौसेला नेहमी 'नंतर' म्हणतात, तेव्हा आपल्याला कसं वाटतं ते आठवलं. पण कर्जाचा हप्ता दर महिन्याला असतो.

मग वळलो जिप्सीकडे. ती काही स्पोर्ट्स कार नाही, पण भाऊजींची समजूत घालायला एक गोष्ट कामी आली. हिमालयातल्या रॅलीत, बर्फात आणि दगडगोट्यांत, वर्षानुवर्षं हीच जिप्सी धावत आलेली आहे. मारुतीने ती १९८५ साली आणली, ९७० सीसीच्या इंजिनाची. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, तिच्यात १३०० सीसीचं इंजिन. साधारण २००० पासून सोळा व्हॉल्व्हचं, जास्त ताकदीचं इंजिन लागलं. सामान्य गिऱ्हाइकासाठी ती २०१९ च्या सुमारास बंद झाली. बंद झाली, पण सोयरे मागे ठेवून गेली. १३०० सीसीचं ते इंजिन मारुतीच्याच एस्टीममध्ये होतं, व्हर्सा गाडीतही होतं. एस्टीम तर एके काळी गावोगावच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात असायची. वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, हेड गॅस्केट, इंजिनातलं बरंचसं सामान एस्टीमच्या नावाने मिळतं. शिवाय जिप्सी लष्कराच्या ताफ्यात होती, रॅलीवाल्यांकडे आहे, जंगलाच्या गेटांवर आहे. जितके वापरणारे जास्त, तितके दिवस दुकानदार माल ठेवतो. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं.

जिप्सी शोधायला निघण्याआधी आम्ही गेटवर जाऊन एक चौकशी केली, तीही नीट ऐका. सफारीसाठी गाडीची नोंद करायची तर ती किती जुनी चालते, ही अट आधी विचारून घ्यावी. आमच्या ओळखीत एकाने स्वस्तात जुनी गाडी आणली आणि मग अट कळली. त्याची गाडी आता शेतात उभी आहे, कोंबड्या बसतात तिच्यात.

पहिली जिप्सी नागपूरला पाहिली. रंग असा चकाचक की तोंड दिसावं. धाकटीने पर्समधून फ्रिजवरचं चुंबक काढलं, पातळ फडक्यात गुंडाळलं आणि दारांवरून, मडगार्डवरून फिरवलं. विकणारा हसायला लागला. पण मागच्या चाकाच्या वर चुंबक चिकटेचना. पत्रा कुजलेला, त्यावर पुट्टी भरून रंग मारलेला. (स्टॉर्मवर हा प्रयोग करू नका, फायबरला चुंबक कुठेच चिकटणार नाही.) मग आमच्या मिस्तरींनी खाली सरकून बॅटरीच्या उजेडात चेसिस पाहिली. जिप्सीचं सगळं अंग चेसिसच्या सांगाड्यावर बसवलेलं असतं आणि चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. त्या पाट्या जिथे चेसिसला जोडतात, तिथेच गंज धरतो. पेचकसाने टोचलं तर पापुद्रे निघाले. इंजिन बदलता येतं, सीट बदलता येतात. चेसिस मोडली की गाडी गेली. नमस्कार करून निघालो.

दुसरी गाडी रंगाने फिकी होती, एक दार चेपलेलं. मोठीने आधी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. बॉनेट कोमट असेल तर समजावं की आपण यायच्या आधी गाडी चालू करून गरम केली आहे, कारण थंड इंजिन चालू होताना जो आवाज आणि धूर येतो तो आपल्याला कळू द्यायचा नाही. या गाडीला चावी दिली, दुसऱ्या झटक्यात चालू झाली. निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, आत दुधाच्या सायीसारखं काही नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळत नाही. चढावर चारही चाकांचा गिअर टाकून पाहिला. मिस्तरी म्हणाले, घ्या.

आणि इथे आमची चूक झाली. गाडी इतकी तपासली, पण कागद वरवर पाहिले. आरसी बुकावर एका बँकेचं नाव होतं. विकणारा म्हणाला, कर्ज केव्हाच फिटलं, ते नाव तसंच राहून गेलं. आम्ही विश्वास ठेवला आणि पैसे दिले. खरंच कर्ज फिटलेलं होतं, पण बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ आणल्याशिवाय ते नाव निघत नाही, आणि ती सही मूळ मालकालाच करावी लागते. तो माणूस आज येतो, उद्या येतो करत राहिला. जंगल उघडलं, पर्यटक आले, आमची गाडी अंगणात. सव्वा महिना. गटाच्या बैठकीत हप्त्याचं विचारलं तेव्हा आम्ही दोघी मान खाली घालून बसलो होतो. पाटल्या तेव्हाच गहाण पडल्या. म्हणून सांगतो, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या म्हणजे झालं असं नाही. बँकेचं नाव आधी निघू द्या, मग उरलेले पैसे द्या.

आपला जिल्हा सीमेवरचा. बालाघाटहून, राजनांदगावहून स्वस्त गाड्या येतात. ती स्वस्ताई पूर्ण हिशेब करून पाहा. दुसऱ्या राज्यातली गाडी आणली तर तिथल्या कार्यालयाची एनओसी लागते, इथला कर भरावा लागतो, मग एमएच ३५ चा नंबर मिळतो. आणि गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी पुन्हा करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी. मोटारीसाठीचं हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. पर्यावरण कर वेगळा.

आता पार्टची गोष्ट. गाडी आल्या आल्या टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल, फिल्टर, पाण्याचे पाइप बदलले. बेल्ट किती जुना आहे हे विकणारा सांगतो त्यावर जाऊ नये. हे सगळं एस्टीमच्या कृपेने गोंदियातच मिळालं. अडलो ते दुसरीकडे. डिसेंबरात गाडी थरथरायला लागली. जिप्सीत मागच्या-पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारी एक पेटी असते, ट्रान्सफर केस म्हणतात तिला. ती रबराच्या तीन ठोकळ्यांवर टांगलेली असते. त्यातले दोन फाटले होते. तळहातात मावेल एवढं रबर! पण ते एस्टीममध्ये नाही, व्हर्सात नाही, नवीन जिम्नी नावाची गाडी आली आहे तिचंही बसत नाही. इथे सोयरे संपले. इंजिन नात्यातलं, पण खालचं अंग जिप्सीचं एकटीचं.

एका मिस्तरीने ट्रकच्या टायरचं रबर कापून बसवलं. आठ दिवस चाललं, मग थरथर दुप्पट. नागपूरच्या दुकानात फोन केला तर तो विचारतो, पार्ट नंबर काय? आम्हाला काय माहीत? शेवटी धाकटी फाटका ठोकळा पिशवीत घालून सकाळच्या गाडीने निघाली. दोन दुकानांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने ठोकळा हातात घेऊन उलटा केला, पुसला, त्यावरचा पुसट नंबर वाचला आणि सांगितलं, कामठीकडे जा. कामठीला लष्कराची छावणी आहे, त्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींचं आयुष्य जिप्सीच्या खाली गेलेलं. त्यांच्याकडे ठोकळे होते, एक नाही, तिन्ही. ते म्हणाले, "बाई, एक फाटला म्हनजे तिन्ही बदलायचे, नाहीतर नवा जुन्याच्या वाट्याचा भार घेऊन फाटतो." तिन्ही घेतले. त्यांनी पार्ट नंबर वहीत लिहूनही दिला.

त्या दिवसापासून आमच्या घरी किराण्याच्या वहीसारखी गाडीची वही आहे. प्रत्येक पार्टचा नंबर, कुठून आणला, किती पैसे, किती किलोमीटरवर बदलला. ती मोठी लिहिते. भाऊजी आधी हसायचे. आता गेटवरचे इतर जिप्सीवाले येऊन तिच्यातून नंबर उतरवून नेतात. दिल्लीच्या काश्मीरी गेटच्या बाजारातल्या दुकानदाराला नंबर पाठवला की तो फोटो पाठवतो, मग आम्ही पैसे पाठवतो. आधी फोटो, मग पैसे.

भंगारातून काय घ्यावं हेही कळलं. दार, काच, आरसा, सीटची चौकट, दिव्याची कडी, हे भंगारातून खुशाल घ्या. आमचं चेपलेलं दार तसंच बदललं, रंग जरा वेगळा आहे, वाघाला काही फरक पडत नाही. पण ब्रेकचं सामान, स्टिअरिंगचं सामान, बेल्ट आणि रबर हे कधीही जुनं घेऊ नका. आपल्या गाडीत लोकांची लेकरं बसतात. कंपनीच्या डब्यासारखा डबा करून नकली मालही विकतात. किमतीचं लेबल, होलोग्राम, छपाई पाहा आणि बिल मागा. बिल द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून उठा.

पाटल्या मार्चमध्ये सुटल्या. हप्ता अजून दीड वर्ष आहे. सध्या पाऊस आहे, जंगल बंद आहे, जिप्सी शेडमध्ये आहे आणि मिस्तरी पुढच्या चाकांची बेअरिंग उघडून बसले आहेत. भाऊजींच्या मोबाइलमध्ये तो लाल स्टॉर्मचा फोटो अजून आहे, आम्ही पुसायला सांगितलेला नाही.

जाता जाता एक विचारून घेतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या अंगणात, गोठ्यात, वाड्यामागे जुनी एस्टीम उभी असेल, चालत नसली तरी चालेल, तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. आम्हाला तिचं इंजिन पाहायचं आहे. नमस्कार.